पोरं राजकारणात आहेत, पण कुणाच्या?

कोल्हापूरची तरुण पोरं राजकारणापासून तुटली आहेत, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याची निवडणूक लागू द्या. ज्याच्या नावावर उसाची एक सरी नाही, कारखान्याचा एक शेअर नाही, असा बारावीतला पोरगा सकाळी उठल्यापासून एका गटाचे व्हिडिओ स्टेटसला लावत असतो. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसचे नेते सतेज पाटील यांचं 'आमचं ठरलंय' निघालं आणि बघता बघता ते फोनाफोनांत जाऊन बसलं. विधानसभेला त्याला 'दक्षिण उरलंय' (म्हणजे कोल्हापूर दक्षिण मतदारसंघ) जोडलं गेलं, २०२१ ला जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत 'गोकुळ उरलंय'. राजाराम कारखान्याच्या २०२३ च्या निवडणुकीत 'कंडका पाडायचा', म्हणजे एकदाचा निकाल लावायचा, हे आलं. कंडका काही पडला नाही, सत्ता विरोधी महाडिक गटाकडेच राहिली. पण त्या महिन्यात कारखान्याची गाळप क्षमता किती, उतारा किती, शेजारच्या कारखान्यापेक्षा दर का कमी-जास्त, हे विचारणारं एक स्टेटस मी बघितलं नाही. कंडका मात्र शेकड्यांनी बघितले.

आणि मतदानात तरी आपण कुठं मागं आहोत? २०२४ च्या लोकसभेला कोल्हापूर मतदारसंघात ७१ टक्क्यांहून जास्त मतदान झालं, राज्यात गडचिरोली-चिमूरच्या खालोखाल. पाठोपाठच्या विधानसभेला करवीर मतदारसंघ ८४ टक्क्यांच्या पुढे गेला, तो तर राज्यात पहिला. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत 'तरुणाई उदासीन' असे लेख येतात, ते आपल्याला लागू पडत नाहीत. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. इथला तरुण भरपूर राजकारण करतो, पण ते दुसऱ्याचं असतं. त्याचे स्वतःचे प्रश्न त्याच्या स्वतःच्या स्टेटसवर येत नाहीत.

हे सगळं मोबाईलमुळे झालं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. गटातटाचं राजकारण कोल्हापूरला मोबाईलनं शिकवलेलं नाही. दूध संस्था, सेवा सोसायट्या, तालमी यांच्यातून ते पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. पण जुन्या गटबाजीत एक हिशेब असायचा. कार्यकर्ता भिंती रंगवायचा, पत्रकं वाटायचा, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना रिक्षातून केंद्रावर न्यायचा, आणि त्या बदल्यात त्याला नेत्याच्या दारात थेट शिरकाव असायचा. आईला सीपीआरमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखल करायचं तर तो हक्कानं फोन करायचा. काम झालं नाही तर चारचौघांत तोंडावर बोलायचा, आणि फारच झालं तर दुसऱ्या गटात जायचा. त्याची नाराजी नेत्याला परवडायची नाही. आजचा स्टेटसवाला पोरगा नेत्याला नावानंही माहीत नसतो. चौकात डिजिटल बोर्ड लावायचा तर परवानगी काढावी लागते, पैसे भरावे लागतात. या पोराच्या फोनवरचा बोर्ड फुकट मिळतो, आणि तो दर चोवीस तासांनी स्वतःच नवा करून लावतो.

या स्टेटसकडे जरा नीट बघायला हवं, कारण राजकारणात इन्स्टाग्राम-फेसबुकची चर्चा जास्त होते आणि गावाकडचं खरं माध्यम बाजूला राहतं. व्हॉट्सॲपचं स्टेटस साधारणपणे तेच बघतात, ज्यांचे नंबर एकमेकांकडे साठवलेले आहेत: भावकी, गल्ली, वर्गातली मुलं, मामाचं गाव, क्लासचे सर. म्हणजे स्टेटस अनोळखी जगासाठी नसतंच, ते ओळखीच्या माणसांसमोर लावलेली हजेरी असते. कुणी कुणी बघितलं हे लावणाऱ्याला दिसतं. कुणाला ते पटलं नाही हे दिसत नाही. उत्तर दिलंच तर ते दोघांतच राहतं, तिसऱ्याला कळत नाही. फेसबुकवर निदान खाली कुणीतरी येऊन भांडतो, चार लोक वाचतात. स्टेटसवर वाद होत नाही. तिथं फक्त आपण कुणाचे, एवढं कळवायचं असतं.

आणि कळवलं नाही तर? इथं खरी मेख आहे. साहेबांच्या वाढदिवसाला ज्याच्या स्टेटसला फोटो नसतो, त्याला दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर विचारणा होते: "काय रं, इसारलास व्हय?" हसत विचारतात, पण नोंद झालेली असते. गटानं एकाला उमेदवारी दिली आणि तुमचं स्टेटस दोन दिवस रिकामं राहिलं, तर तुम्ही फुटलात असा अर्थ लावला जातो. मग गावाकडचा पोरगा, ज्याला उद्या दूध संघात चिकटायचं आहे किंवा ज्याच्या बापाला सोसायटीचं कर्ज हवं आहे, तो लावून टाकतो फोटो. याला अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर म्हणा. मला ती हजेरीपटावरची सही वाटते.

रील्सचं प्रकरण याच्या पुढचं. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामनं रील्स आणल्या. गाडीचं दार उघडतं, पांढरा बूट खाली येतो, मागे ढोल आणि 'नाद करायचा नाय' धाटणीचं गाणं. अर्ध्या मिनिटात नेता मोठा होतो. त्याच नेत्यानं विधानसभेत वर्षभरात किती प्रश्न विचारले, ते अर्ध्या मिनिटात मावत नाही. आणि जे मावत नाही ते नसल्यासारखंच होतं. कोल्हापूर महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. शहरातल्यांना हद्दवाढ हवी, आजूबाजूच्या गावांना नको. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घरफाळा, पाणी, जमिनीचे भाव, ग्रामपंचायतीचे हक्क, सगळं त्यात गुंतलेलं आहे. उपनगरातल्या प्रत्येक तरुणाच्या पुढच्या तीस वर्षांचा हा प्रश्न आहे. पण त्याची रील करून बघा. ढोल कुठं वाजवायचा हेच कळणार नाही.

मग ७ जून २०२३ येतं. आदल्या दिवशी, शिवराज्याभिषेक दिनी, काही पोरांनी औरंगजेबासंदर्भात आक्षेपार्ह स्टेटस ठेवलं. दुसऱ्या दिवशी बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं होती. दगड मारणाऱ्यांतही मिसरूड न फुटलेली पोरं होती. ज्याचं आयुष्य चोवीस तासांचं, जे बघणारी माणसं फार तर काहीशे, अशी एक गोष्ट स्क्रीनशॉट होऊन जिल्हाभर फिरली. आता प्रश्न असा की ती फिरवली कुणी? मूळ स्टेटस मित्रांपुरतं होतं. ते लाखांच्या फोनवर नेणारे हात त्या पोरांचे नव्हते. संतापाचा मजकूर सगळ्यांत वेगानं पसरतो, हे आयटी सेल चालवणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, आणि सतरा वर्षांच्या पोराला ठाऊक नसतं. २०१८ च्या जुलैमध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं गेलं, त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. स्क्रीनशॉटला ती मर्यादा कशी घालणार?

त्या दिवसानंतरचं कुणी बोलत नाही. आपल्या भागातली निम्मी पोरं पोलीस भरती नाहीतर सैन्याच्या तयारीत असतात. पहाटे पळायला येणारी, चणे खाणारी. अंगावर दंगलीचा गुन्हा असेल तर चारित्र्य पडताळणीला काय होतं, हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा. तारखांना जावं लागतं, वकिलाची फी असते, भरतीची वयोमर्यादा उलटून जाते. चिथावणीचं भाषण करणारा पुढच्या निवडणुकीत 'भावी' म्हणून फलकावर झळकतो. दगड मात्र पोराच्या नावावर लागतो. हे दोन्ही बाजूंच्या पोरांबद्दल बोलतोय, धर्म बघून नाही.

आणि 'पुरोगामी शाहूनगरी' या शब्दांचा तेव्हा जो पाऊस पडला, त्याचाही मला कंटाळा आला. शाहू महाराजांनी १९२० मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले, त्याच वर्षी माणगावच्या परिषदेला ते स्वतः गेले. माध्यम उभं करायला पैसे दिले आणि माणसांत जाऊन बसले. आपण हॅशटॅग चालवला.

पण चित्र एवढंच नाही, आणि हे नांदणीनं दाखवलं. २०२५ च्या जुलै अखेरीस नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातमध्ये जामनगरला 'वनतारा' या प्राणी केंद्रात नेली. पुढच्या आठ-दहा दिवसांत शिरोळ-हातकणंगल्याच्या पोरांनी जे केलं, ते मी आधी बघितलं नव्हतं. निरोपाच्या वेळचे व्हिडिओ फिरले हे खरं, पण ते व्हिडिओपाशी थांबले नाहीत. ज्या उद्योगसमूहाचं ते केंद्र, त्याच समूहाचं सिमकार्ड बदलायची मोहीम निघाली आणि लोकांनी खरोखर नंबर पोर्ट केले. दोन लाखांवर सह्यांचे अर्ज राष्ट्रपतींकडे गेले. ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारो माणसं मूक पदयात्रेत चालत आली. सरकारला बैठक घ्यावी लागली, वनताराला नांदणीजवळ पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी दाखवावी लागली. स्टेटसचा राग हातात, पायात आणि खिशात उतरला की तो समोरच्याला मोजावाच लागतो.

तरी मी त्या आठवड्याचीही फक्त आरती ओवाळणार नाही. हत्तिणीच्या प्रकृतीबद्दल काय अहवाल होते, पायाच्या जखमा, साखळी, मिरवणुका, याबद्दल न्यायालयानं काय म्हटलं होतं, हे कुणी विचारलं की त्याला 'तू कुणाचा माणूस' असं ऐकावं लागायचं. आपल्याच गावात, आपल्याच बाजूच्या माणसाला एक शंका बोलून दाखवता येईना. दबाव टाकायला सोशल मीडिया उत्तम, हे नांदणीत दिसलं. विचारविनिमयाला ते तिथंही कमी पडलं.

दहा-बारा वर्षांपूर्वीचं शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधातलं आंदोलन आठवणाऱ्यांना फरक कळेल. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर होती. कंपनीशी झालेला करार, रस्त्यांच्या कामाचं फेरमूल्यांकन, हे शब्द पेठेतल्या रिक्षावाल्याच्या तोंडी होते. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटलेही, ते काही आदर्श नव्हतं. पण २०१५ च्या डिसेंबरात सरकारनं टोल रद्द करायचं जाहीर केलं, तोवर या गावानं कित्येक बैठका, मोर्चे आणि सभा पचवल्या होत्या, आणि त्या सभांतून एक पिढी करार वाचायला शिकली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी तर वकिलांची आणि पक्षकारांची चार दशकं गेली, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. चार दशकं चालणारी मागणी कुठल्या अल्गोरिदमला मानवेल?

पावसाळ्यात एक गंमत बघा. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला प्रत्येक फोनवर असते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे शाळेतल्या पोराला पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच पोरांच्या ग्रुपांनी बोटी, औषधं, जनावरांचा चारा कुठं हवा हे प्रशासनाच्या आधी एकमेकांना कळवलं. माहिती अचूक, वेळेवर, फुकट. अफवा आली तर दुसरा लगेच दुरुस्त करायचा, कारण त्याचं स्वतःचं घर पाण्यात होतं. म्हणजे या पिढीला आकड्यांशी वाकडं नाही. फुटा-इंचात नदी मोजणारी पोरं आहेत ही. मग पाणी ओसरलं की पूररेषेच्या आत बांधकामाची परवानगी कुणी दिली, अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायचा कर्नाटकचा बेत झाला तर शिरोळचं काय होणार, हे प्रश्न स्टेटसवरून गायब का होतात? काही प्रमाणात आंदोलनं होतात, रास्ता रोको होतो, नेते येतात. पण तासातासाची ती नजर राहत नाही. याचं कारण मला असं दिसतं: नदीच्या पातळीवर लक्ष ठेवलं तर गाडी वर काढता येते, जनावरं हलवता येतात. पूररेषेवर लक्ष ठेवून तरुणाच्या हातात काय येतं? ते लक्ष तो कुठं नेऊन मांडणार?

मांडायच्या जागा आपण एकेक करून बंद केल्या, हे मला या सगळ्यातलं मूळ दुखणं वाटतं.

महाराष्ट्रात महाविद्यालयीन खुल्या निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या पुन्हा घ्यायची तरतूद केली, २०१९ ला वेळापत्रकही ठरलं, ते पुढं ढकललं आणि मग बारगळलं. म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या तीन जिल्ह्यांत तीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यानं जाहीरनामा लिहिला नाही, वर्गावर्गांत फिरून मत मागितलं नाही, हरल्यावर जिंकलेल्याच्या शेजारी बसून कॅन्टीनच्या दरावर भांडला नाही. आता महापालिका घ्या. १ नोव्हेंबर २०१५ ला मतदान झालं. २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि प्रशासक बसला. पुढचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये. २०१५ च्या अखेरीस अठरा वर्षांचा झालेला मंगळवार पेठेतला मुलगा नगरसेवकासाठी पहिलं मत द्यायला गेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. या दहा वर्षांत त्यानं आमदार-खासदार निवडून दिले, पण गल्लीतल्या गटारीसाठी कुणाला जबाबदार धरायचं, ते माणूसच पाच वर्षं अस्तित्वात नव्हतं. जिल्हा परिषदेतही २०२२ च्या मार्चपासून पुढची निवडणूक होईपर्यंत प्रशासकच होता. आणि आपण त्याला म्हणतो, फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस.

मुलींचं तर आणखी वेगळं. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. पण स्टेटस-रीलच्या या राजकारणात मुली जवळजवळ दिसत नाहीत. एखादीनं नेत्यावर चार ओळी लिहिल्या की खाली जे येतं, ते इथं छापण्यासारखं नसतं. दुसऱ्या दिवशी घरात भाऊ फोन मागतो. मग बहुतेकींची खाती कुलूपबंद. निवडणुकीत एखादी उभी राहिलीच, तर फलकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा. तालमीच्या कट्ट्यावर जशी तिला जागा नव्हती, तशी या नव्या कट्ट्यावरही नाही. सोशल मीडियानं सगळ्यांना आवाज दिला म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

बंदी घाला, असं म्हणणारे आता वाढले आहेत. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. तिथलं तिथं. आपल्याकडे सोळाव्या वर्षी फोन काढून घेतला आणि अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव घालायला सांगितलं, तर मधल्या दोन वर्षांत तो शिकणार कुठं? नेपाळनं सप्टेंबर २०२५ मध्ये २६ माध्यमं बंद केली, तर आठवड्याच्या आत सरकार गेलं. तिथं तरुणांनी डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर हंगामी पंतप्रधानपदासाठी कौल घेतला याचं इकडे फार कौतुक झालं. मला त्या बातमीतली जाळलेली संसद आणि गेलेले जीवही दिसले. त्या रागालाही बसायला जागा नव्हती.

कोल्हापूरला बिंदू चौक आहे. फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे तिथं १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना बसवले गेले. कित्येक वर्षं या गावातल्या सभा तिथं गाजल्या. राजकारण्यांच्या तोंडी आजही 'हिंमत असेल तर बिंदू चौकात या' हे आव्हान असतं. समोर ये, लोकांदेखत उत्तर दे, एवढी साधी अट त्यात आहे. ती अट स्टेटसला लावता येत नाही, ग्रामसभेला येते. वर्षातून किमान चार ग्रामसभा कायद्यानं व्हायच्या असतात, पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची गणपूर्ती लागते, आणि अनेक गावांत ती सह्या गोळा करून भागवली जाते. अठरा पूर्ण झालेल्या कुठल्याही पोराला तिथं उभं राहून पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कुठं गेले हे विचारता येतं. त्यानं ते विचारावं, उत्तराचा व्हिडिओ काढावा आणि खुशाल स्टेटसला लावावा. शहरात क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. पेठेत क्षेत्रसभा भरलेली कुणी बघितली आहे का? महापालिकेत आता निवडून आलेल्यांनी पहिल्या सहा महिन्यांत आपापल्या प्रभागात ती घ्यावी. आणि विद्यापीठानं विद्यार्थी निवडणुका लावाव्यात, सरकारच्या मागे लागून लावाव्यात.

निवडणुका घेतल्या तर कॉलेजात गट पडतील, मारामाऱ्या होतील, बाहेरचे नेते घुसतील, असं प्राचार्य मंडळी म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही, १९८९ ला मुंबईत अशाच निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा जीव गेला होता. पण नेते घुसण्याचं म्हणाल, तर ते पोरांच्या खिशात केव्हाचे घुसले आहेत. आणि ७ जून २०२३ ला शिवाजी चौकात दगड उचलणाऱ्या पोरांच्या कॉलेजात तेव्हा कुठली निवडणूक चालू होती?